सरांच्या खोलीतले पंचवीस अंश

नवतपा लागला की मला राग येतो. उन्हाचा नाही. ऊन रायपूरला पडणारच. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की ते नऊ दिवस इथे कसे जातात हे भनपुरीत वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. बाबा रेल्वेत होते. क्वार्टरच्या भिंतीला पाठ टेकली की चटका बसायचा आणि नळाचं पाणी दुपारी चहाला चालेल इतकं तापलेलं असायचं. त्या उन्हाशी माझं काही भांडण नाही. माझा राग एका आकड्यावर आहे. तो आकडा पंचवीस आहे आणि तो खोटा आहे.

परवा सकाळी बायकोने गुळाचा डबा उघडला. खडे होते त्यांचा लगदा झालेला. ती म्हणाली, "घ्या, आता पोळीला लावून खा." मी डब्यात बघत राहिलो. दोन खडे एकमेकांना चिकटून, घाम फुटल्यासारखे चमकत होते. गूळ वितळला एवढंच तर होतं. पण मला माझ्या धाकट्या बहिणीचा दगडी खल दिसला आणि त्यातली पावडर, जी अशाच एका नवतप्यात अशीच घामेजली होती.

करुणा तेव्हा विद्यापीठात संशोधन करत होती. विषय सेंद्रिय रसायनशास्त्र, म्हणजे छोटे रेणू जोडून मोठे, उपयोगी रेणू बनवायचे. मी वीज खात्यात मीटर तपासणीला आहे. मला त्यातलं जेवढं समजलं ते तिनेच जेवताना ताटावर बोटाने रेघा ओढून समजावलेलं. असे रेणू जोडायला एरवी पदार्थ कशात तरी विरघळवावे लागतात. ते द्रावक महाग, वासाचे, पुढे नाल्यात सोडून द्यायचे. करुणाचं म्हणणं होतं, द्रावक हवाच कशाला? दोन कोरड्या पावडरी खलात घालून घोटल्या तर? विभागातला चांगला खल कधी मोकळा नसायचा, म्हणून तिने सदर बाजारातून जडीबुटीवाल्याकडून एक काळा दगडी खल आणला. आई म्हणाली होती, "पोट्टी शिकून शिकून शेवटी मसालाच वाटून राहिली."

सगळा हिवाळा ती वाटत होती. काही झालं नाही. पावडरी एकमेकींत मिसळायच्या आणि तशाच पांढऱ्या राहायच्या. होळी गेली, तरी तेच. एका पावडरीला व्हॅनिलाचा वास होता आणि तो तिच्या केसांत, ओढणीत, पुस्तकांत मुरला होता. माझी मुलगी मिनू तेव्हा लहान होती. ती तिच्या कुशीत नाक खुपसून म्हणायची, "बुआ से आइसक्रीम की खुशबू आती है." घरात आम्ही मराठी बोलायचो आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. अजूनही तसंच आहे.

मग नवतपा लागला. त्यांची प्रयोगशाळा मुख्य इमारतीच्या मागे होती, पत्र्याच्या छपराखाली. पंखा लावला तर पावडर उडायची, म्हणून पंखा बंद. ती ओला गमछा मानेभोवती गुंडाळून बसायची. एका दुपारी खलातली पावडर आधी ओलसर झाली, मग लगद्यासारखी, आणि तिच्या डोळ्यांसमोर पांढरीची पिवळी होत गेली. हळदीसारखी नाही, ती म्हणाली होती, पिकलेल्या आंब्याच्या कोयीजवळ असते ना, तशी. तिने खलात थर्मामीटर धरला. त्रेचाळीस. संध्याकाळी ती फाटकातूनच ओरडली, "दादा, झालं!" तिच्या बोटांच्या टोकांना पिवळा रंग होता आणि तो तिने कितीतरी दिवस नीट घासून काढला नाही.

माझ्या आठवणीत आमच्या घरचा सगळ्यात चांगला उन्हाळा तोच. कूलरला वाळ्याचे नवे पडदे लावले होते, त्यांचा ओला वास. दुपारी कांदा घालून बासी खायची, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवून ठेवलेला भात. आई आंबे पाण्यात बुडवून ठेवायची. आणि करुणा रोज सांगायची, आज पुन्हा झालं. आज दुसऱ्या पावडरीने पण झालं. त्रेचाळीसला होतं, बेचाळीसला होतं, चाळिसाच्या खाली गेलं की थांबतं. दोन कोरडे पदार्थ एकत्र आले की त्या उष्णतेला एकमेकांना वितळवतात, आणि वितळले की जुळतात. तिने हे कुणाकडून ऐकलं नव्हतं, तिने पाहिलं होतं.

तिने निबंध लिहिला आणि तिच्या मार्गदर्शकांना दाखवला. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही तेच म्हणेन. ते पुण्याकडचे, फार वर्षांपूर्वी इथे आलेले, परदेशात राहून आलेले. वाईट माणूस नव्हते. विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवायचे, काचेची भांडी कशी धुवायची हे स्वतः उभे राहून शिकवायचे. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण खरं आहे. त्याने राग कमी होत नाही, वाढतो.

सरांनी त्रेचाळीसवर पेन ठेवलं. "हे कशाला लिहिलंस?"

"सर, तेवढंच होतं."

"लोक काय म्हणतील? यांच्याकडे साधा एसी नाही? मी तिकडे राहिलोय, करुणा. असं काही वाचलं की ते लोक कसे हसतात ते मला ठाऊक आहे. प्रयोगशाळा म्हणजे पंचवीस अंश." आणि त्यांनी त्रेचाळीस खोडून पंचवीस लिहिलं.

ती म्हणाली, पण सर, हिवाळ्यात नाही झालं. सर म्हणाले, "तेव्हा तुझा हात बसला नव्हता. पंचवीसला जरा जास्त वेळ घोटलं की होईल." त्यांनी स्वतः घोटून पाहिलं नाही. तिलाही पाहू दिलं नाही, कारण पाठवायची घाई होती.

हे तिने जेवताना सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. अठरा अंशांचा फरक! आमच्याकडे मीटरचा काटा जिथे आहे तिथला आकडा न लिहिता आपल्याला शोभेल तो लिहिला, तर माणूस निलंबित होतो. मी तिला म्हटलं, "तू काहून चूप राहिली?" ती म्हणाली, "दादा, ते सर आहेत. मले काय सांगून राहिला तू." आमच्या घरात सर या शब्दापुढे कुणीच काही बोलत नसे. विदर्भातून इथे आलेल्या, रेल्वेत आणि कारखान्यात राबलेल्या माणसांच्या घरातून पहिली मुलगी डॉक्टरेटपर्यंत पोचली होती. तिला तिथवर जो नेतो त्याच्याशी भांडायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

निबंध एका परदेशी मासिकात छापून आला. पहिलं नाव तिचं, शेवटचं सरांचं. बाबांनी क्वार्टरच्या सबंध लाइनीत पेढे वाटले आणि त्या इंग्रजी पानाची प्रत, देव्हाऱ्यात ठेवावी तशी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावली.

पुढे काय होणार ते आता कुणीही सांगेल. थंड देशांतल्या लोकांनी, वातानुकूलित खोल्यांत, पंचवीस अंशांवर घोटून पाहिलं. पांढरं ते पांढरंच राहिलं. त्यांनी विचारलं, तुमचं कसं झालं? सरांनी करुणाला बोलावलं. ती म्हणाली, सर, आपण त्रेचाळीस कळवू या. सर म्हणाले, "पहिलं नाव तुझं आहे. खोटा आकडा दिला असं ठरलं तर आधी तू अडकशील." आणि तिला घरी पाठवून त्यांनी उत्तर दिलं की विद्यार्थिनीच्या नोंदी विश्वासार्ह नसाव्यात, आपण चौकशी करत आहोत. चौकशी समितीत तिने सगळं सांगितलं. समितीने सरांकडे पाहिलं. सर टेबलाकडे पाहत होते. त्या निबंधाखाली एक टीप आली: या कामाच्या खरेपणाबद्दल शंका आहे. तिची डॉक्टरेट तिथेच थांबली. आज ती बीरगांवच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. चांगलं शिकवते. पण ती टीप अजून तिथेच आहे.

मी त्या मासिकाला लिहितो असं तेव्हा म्हटलं होतं. तिने मला अडवलं. बाबा आजारी होते आणि तिला घरात आणखी काही नको होतं. तसबिरीखालचं ते पान कुणी काढलं नाही. बाबा गेले तेव्हाही ते तिथेच होतं, कडा पिवळ्या पडलेलं.

या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. सरांची पंच्याहत्तरी आहे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. त्याचं पत्रक आमच्याकडेही आलं. करुणाने आठवण लिहावी अशी त्यांची विनंती आहे! पत्रकात सरांच्या शोधनिबंधांची यादी आहे आणि त्यात ठळक अक्षरांत लिहिलं आहे की सरांच्या ज्या कामाचा जगात सर्वाधिक उल्लेख झाला, ज्याचा सेंद्रिय रसायनशास्त्रावर प्रभाव पडला, ते हेच. पंचवीस अंशांवर, द्रावकाशिवाय.

मला आकड्यांची सवय आहे. मी बसून ते उल्लेख वाचले. मिनूने संगणकावर काढून दिले, मी एकेक पाहिला, जिथे इंग्रजी अडलं तिथे तिला विचारलं. बहुतेक उल्लेख एकाच प्रकारचे आहेत. आम्हाला हे जमलं नाही. आम्ही पुन्हा करून पाहिलं, जमलं नाही. अमक्यांनी असा दावा केला आहे, परंतु. प्रत्येक 'परंतु' सरांच्या खात्यात एक म्हणून जमा होतो. याला प्रभाव म्हणतात. आमच्या भनपुरीच्या नाक्यावर एक खड्डा आहे. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रकवाला त्याचं नाव घेतो. या हिशेबाने तो खड्डा या शहरातला सर्वात प्रभावी खड्डा आहे आणि त्याचाही एक गौरवग्रंथ निघायला हवा. हे मी मिनूला म्हटलं तर ती हसून म्हणाली, "पापा, आप अध्यक्ष बन जाओ." मला हसू आलं नाही. मोजण्यात चूक नाही. मोजणाऱ्याने वाचलं नाही, ही चूक आहे.

दुसरी गोष्ट छोटी होती. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी करुणाच्या वर्गातल्या एका मुलीने मोबाईलवर तिचं नाव टाकलं. बाईंची कौतुकाने माहिती काढायला. सगळ्यात वर ती टीप आली. मुलीने वर्गात विचारलं, "मैडम, ये आप ही हो? इसमें लिखा है कि आपका काम सही नहीं है." करुणा म्हणाली, हो, मीच. आणि फळ्याकडे वळून तिने धडा पुढे चालू ठेवला. घरी येऊन तिने मला फोन केला. रडली नाही. म्हणाली, "दादा, माझ्या पोट्ट्यांनी मले खोटी समजावं, हे मले चालत नाही. सरांची एक सही पाहिजे. दुरुस्तीवर दोघांची सही असली की ती टीप निघते. मी जाऊन राहिली. तू येशील?"

ती ऊन चढायची वाट बघत थांबली, आणि नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. मिनूने गाडी काढली. करुणाच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत तो काळा दगडी खल. गाडीत पुन्हा तो व्हॅनिलाचा वास आला आणि मिनू, आता नोकरी करणारी मिनू, एकदम लहान झाली. मग हळूच म्हणाली, "बुआ, वही खुशबू."

सरांच्या घरी दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी, उघडलं. सर आत बसले होते, अंगावर पातळ शाल. खोली अशी गार की माझ्या चष्म्यावर बाहेर पडताना वाफ धरेल. टेबलावर एसीचा रिमोट होता. त्यावर पंचवीस दिसत होतं. मी तो आकडा पाहिला आणि मला माझे हात मांडीखाली दाबून धरावे लागले.

"करुणा! किती वर्षांनी. आठवण लिहिलीस का?" सर म्हणाले.

"लिहिते आहे, सर. एक शंका आहे." तिने खल काढला, टेबलावर कागद पसरून त्यावर ठेवला आणि दोन बाटल्यांतल्या पावडरी थोड्या थोड्या त्यात ओतल्या. ती घोटू लागली. सर बघत होते. काकू पाण्याचे पेले घेऊन उभ्याच राहिल्या. बराच वेळ झाला. पावडर पांढरी होती, कोरडी, रांगोळीसारखी.

"हात बसला ना आता, सर?" करुणाने विचारलं.

सरांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

तिने खल उचलला, काचेचं सरकतं दार उघडलं आणि व्हरांड्यात गेली. झळ आत आली तशी सरांनी डोळे मिटले. ती फरशीवर मांडी घालून बसली, थर्मामीटर खलाला टेकवून ठेवला आणि घोटू लागली. मी तिच्या मागे उभा होतो. फरशी चपलेतून भाजत होती. खलातला आवाज आधी खरखर होता, मग बदलला, चिकट झाला. मी इतकी वर्षं त्या पिवळ्या रंगाबद्दल ऐकलं होतं, पाहिला नव्हता. आधी कडेला आला. मग सगळीकडे. खरंच, कोयीजवळचा रंग.

"सर, बाहेर या," ती म्हणाली.

"फार ऊन आहे, करुणा."

"हो, सर. तेवढंच सांगायचं आहे."

सर काचेपलीकडे उठून उभे राहिले, पण उंबरा ओलांडला नाही. काकू मात्र आल्या. वाकल्या, खलात पाहिलं, आणि वळून म्हणाल्या, "अहो, दोन पावलं येऊन बघा तरी. मुलगी उन्हात बसलीये."

"मला बघायची गरज नाही," सर म्हणाले. "मला माहीत आहे."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो, आणि ऐकलं तेव्हा वाटलं की माहीत नसतं तर बरं झालं असतं. न कळून केलेल्या चुकीचा मी राग धरला नसता. मी म्हटलं, "मग सही करा." माझा आवाज चढला होता. मिनूने माझं मनगट धरलं.

सर म्हणाले, "पंच्याहत्तरी होऊन जाऊ दे. ग्रंथाची छपाई तोंडावर आली आहे. आता मध्येच हे काढलं तर सगळ्या यादीवर प्रश्न येईल. माझ्या इतर विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या त्यावर आहेत. समजून घ्या."

करुणा उठली. खल तिने तिथेच ठेवला, व्हरांड्यात, काचेच्या समोर, आणि बाटल्या आत टेबलावरच राहू दिल्या. म्हणाली, "तुमच्याकडे राहू द्या, सर." आणि चालायला लागली. फाटकापर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मी पाहिलं. सर काचेमागे उभे होते आणि काचेवर आमचंच प्रतिबिंब पडलं होतं.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, काल दुपारी यांनी खल धुऊन आत घेतला. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, खोली तापेपर्यंत बसून राहिले. तुम्ही ठेवून गेलेल्या बाटल्यांतलं उरलेलं घोटलं. सदरा भिजला, मी म्हटलं चक्कर येईल, ऐकेनात. पिवळं झालं. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मी विचारलं, "आणि सही, काकू?" त्या म्हणाल्या, "एसी पुन्हा लावलाय."

मला सांगतात की म्हाताऱ्या माणसावर राग धरू नये. सोडून द्यावं. कोण सांगतं? ज्याचं काही गेलेलं नाही तो. एका माणसाला वाटलं की आपण गरीब दिसू. आपलं छप्पर पत्र्याचं आहे, आपल्याला घाम येतो, हे परक्यांना कळेल. त्या लाजेपायी त्याने खरा आकडा खोडला आणि ती लाज निस्तरायला माझी बहीण पुढे केली. त्रेचाळीसमध्ये लाजण्यासारखं काय होतं? उरल्याच्या कारखान्यात भट्टीपाशी उभा राहणारा माणूस लाजतो का? आमची आई चुलीपुढे लाजली का? ते त्रेचाळीस हाच तर शोध होता! तो खोडला आणि पंचवीस ठेवले, म्हणजे शोध खोडला आणि एसी ठेवला.

काल मी बीरगांवला करुणाच्या शाळेत गेलो. सुट्टी आहे, शाळा रिकामी. मागच्या पत्र्याच्या खोलीत ती बसली होती, मानेभोवती ओला गमछा, समोर नवा खल. मिनू मोबाईल धरून सगळं टिपत होती, थर्मामीटरचा पारा, पावडर, रंग. करुणा आता सरांची सही मागणार नाही. ती नवा निबंध लिहिते आहे, एकटीच्या नावाने. मासिक घेईल की नाही माहीत नाही. जुनी टीप निघेल की नाही तेही माहीत नाही. गरम पाण्यात खल ठेवूनही हे होतं, तिने तेही करून पाहिलं आहे आणि तेही लिहिणार आहे. पण पहिल्यांदा जिथे झालं तिथलं आधी लिहायचं, असं ती म्हणते, आणि त्याचं प्रत्येक मोजमाप तिला पुन्हा घ्यायचं आहे.

मी विचारलं, "सुरुवात कशी केली?" तिने कागद पुढे केला. इंग्रजीत होतं. मिनूने माझ्यासाठी वाचलं आणि पहिल्यांदाच, अडखळत, मराठीत सांगितलं, "आमच्या... प्रयोगशाळेला एसी नाही. छत पत्र्याचं आहे. हा प्रयोग त्रेचाळीस अंशांवर केला."

सगळं शहर आता आभाळाकडे बघतं आहे. पानठेल्यावर, दवाखान्यात, ऑफिसात, जो तो विचारतो, कधी येणार? करुणाची अजून काही मोजमापं राहिली आहेत. मी कुणाला सांगत नाही, पण मी वाट बघत नाही. पावसाने थांबावं. हे ऊन आमचं आहे, आणि आम्हाला ते अजून थोडं हवं आहे.